'समाज अजून तयार नाही' या वाक्याची तपासणी

गंगापूरहून संभाजीनगरला विद्यापीठात जाणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न विचारतो. विद्यापीठाच्या नावाला तुमच्या घरी कुणाचा विरोध होता का? उत्तर ठरलेलं असतं, 'नाही सर, आमच्याकडे तसं काही नव्हतं.' मग विरोध केला तरी कोणी?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. लगेच मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. नाव आलं १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून, नामविस्तार म्हणून. मधली साडेपंधरा वर्षं सुशिक्षित माणसं एकच वाक्य बोलत होती, 'समाज अजून तयार नाही.'

या वाक्यातला 'समाज' म्हणजे कोण? दलित तर तयारच होते. त्यासाठी ते चालले, तुरुंगात गेले, मेले. म्हणजे या शब्दात त्यांना धरलेलंच नाही. वाक्यातला पहिला दोष हा.

दुसरा दोष क्रमाचा. आधी मन बदलेल, मग निर्णय होईल, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत वंशभेदाच्या बाबतीत काय घडलं पाहा. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरची बंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केली. पुढच्या वर्षी गॅलपच्या पाहणीत अशा विवाहाला मान्यता देणारे होते २० टक्के. २०२१ मध्ये ९४ टक्के. चळवळ झाली, निर्णय आला, बहुसंख्यांचं मन मागून आलं. आपल्याकडेही नाव लागलं आणि मग ते सवयीचं झालं.

पण मन बदललं की माणूस आपलं जुनं मन विसरतो. मीही तेव्हा पंचविशीत म्हणालो होतो, 'नाव योग्यच आहे हो, पण वेळ आलेली नाही.' हातात दगड घेतला नाही, म्हणून स्वतःला निर्दोष मानत राहिलो. तत्त्वज्ञान शिकवत होतो, बरं का!

ही कबुली आज कशासाठी? देशात आंतरजातीय विवाह अजून शंभरात पाचेकच होतात. घरात विषय निघाला की ऐकू येतं, 'आमचं काही नाही, नातेवाईक तयार नाहीत.' वाक्य तेच आहे, फक्त 'समाजा'च्या जागी 'नातेवाईक' आलेत. उद्या आपली नातवंडं विचारतील, तेव्हा आपणही म्हणू, 'आमच्याकडे तसं काही नव्हतं.'