हजार टक्क्यांचे सूप

डबाबंद सूप पिणाऱ्यांच्या लघवीत बिस्फेनॉल-ए हजार टक्क्यांहून अधिक वाढते, असे वाचले की कोणीही दचकेल. हे रसायन पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये आणि डब्यांच्या आतल्या इपॉक्सी लेपात असते. हा आकडा आला २०११ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या प्रयोगातून.

प्रयोगाची रचना आम्हांला आवडली. ७५ जणांनी पाच दिवस रोज ताजे सूप घेतले, दोन दिवसांच्या खंडानंतर पाच दिवस डब्यातले. काहींनी उलट क्रमाने. म्हणजे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच! ‘तुम्ही काय खाता?’ अशी प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे. ताज्या सुपानंतर लघवीत लिटरमागे सरासरी १.१ मायक्रोग्रॅम रसायन सापडले, डब्यातल्या सुपानंतर २०.८.

खटकते ती नमुन्याची वेळ. सूप दुपारच्या जेवणात, नमुना त्याच दिवशी काही तासांनी. हे रसायन शरीरातून झपाट्याने बाहेर पडते. निम्मे तर साधारण सहा तासांतच जाते. तेव्हा मोजली गेली ती भरती. दुसऱ्या सकाळी ती किती ओसरली होती? ते मोजलेलेच नाही. संशोधकांनीही ही वाढ तात्पुरती असू शकेल असे म्हटले आहे. टक्क्यांच्या गलक्यात ते ऐकू येत नाही.

उलटही घडते. अमेरिकेच्या २००३-०४ च्या पाहणीत २,५१७ जणांपैकी ९३ टक्क्यांच्या लघवीत हे रसायन आढळले, पण नमुना प्रत्येकी एकच. संपर्क सार्वत्रिक आहे, एवढे त्यातून पक्के कळते. उरलेल्या ७ टक्क्यांना मात्र आम्ही ‘सुटले’ म्हणणार नाही. पर्जन्यमापक एकदाच पाहून कोणी वर्षाचा पाऊस सांगत नाही.