मोजायचे चित्र आणि दाखवायचे चित्र

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेवर मोबाइल धरून कांद्याच्या पापुद्र्याचे छायाचित्र घेणे आता शाळेतही जमते. त्या चित्रावरून पेशीची लांबी मोजण्यासाठी ‘इमेजजे’ ही आज्ञावली उपयोगी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या वेन रास्बँड यांनी ती १९९७ साली सुरू केली. ती विनामूल्य असून विंडोज, मॅकिंटॉश व लिनक्स या तिन्हींवर चालते. मोजमापाचे साधन म्हणून तिच्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र चित्र साठवताना आणि त्यावर खुणा करताना ती नवशिक्याला पुरेसे सावध करीत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम साठवणीचे पाहू. ४००० × ३००० बिंदूंच्या रंगीत चित्रात १ कोटी २० लाख चित्रबिंदू असतात. प्रत्येकास ३ बाइट धरले, तर ३ कोटी ६० लाख बाइट जागा लागते. मोबाइल तेच चित्र जेपीईजी स्वरूपात याच्या लहानशा भागात बसवतो. १९९२ च्या या प्रमाणपद्धतीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा संथ व जलद चढउतारांची बेरीज म्हणून मांडतात. यामागचे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. जलद चढउतारांचे आकडे ढोबळ केले की जागा वाचते, आणि डोळ्याला सहसा फरक कळत नाही.

परंतु पेशीभित्तिकेची रेखीव कड याच जलद चढउतारांनी बनते. म्हणून अति संकोच केल्यास कडेभोवती फिकट तरंग उमटतात. पेशी ५०० बिंदू लांब असेल, तर २ बिंदूंची चूक म्हणजे ०.४ टक्के, तेवढी चालेल. द्रावणाच्या रंगाची तीव्रता मोजायची असेल, तर मात्र बिंदूंचे आकडेच बदललेले असतात. शिवाय चित्र बदलून पुन्हा जेपीईजीत साठवले की आणखी तपशील जातो. पुढे ते टिफमध्ये ठेवले तरी गेलेले परत येत नाही.

इमेजजेची साधी ‘सेव्ह’ आज्ञा टिफ फाईल बनवते, हे योग्यच आहे. पण ‘सेव्ह ॲज’च्या यादीत टिफ, जेपीईजी, जिफ व पीएनजी एकाच पंक्तीला बसवले आहेत; जणू निवड आवडीची आहे! जिफमध्ये फार तर २५६ रंग मावतात. १६ बिटांच्या चित्रातील ६५,५३६ पायऱ्या जेपीईजीत २५६ होतात. हा फरक त्या यादीतच दिसायला हवा होता.

खुणांची गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘ड्रॉ’ आज्ञेने काढलेली रेघ मूळ बिंदूंच्या जागी बसते. तिच्याखाली काय होते ते पुसले जाते. ‘ओव्हरले’मधील रेघ चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखी वेगळी राहते, आणि टिफमध्ये मोजपट्टीच्या प्रमाणासह साठवताही येते. पहिलीसाठी डी, तर दुसरीसाठी बी ही कळ दाबायची असते. परिणामांत इतके अंतर, पण पहिलीच्या वेळी इशारा नाही. आणि ‘अनडू’ फक्त एक पाऊल मागे नेते. विद्यार्थ्याने बाण काढून, जेपीईजीत साठवून, मूळ फाईल पुसली, तर त्याचे मोजमाप बरोबर होते की चूक, हे शिक्षकालाही पुन्हा तपासता येणार नाही. प्रयोगवहीतले निरीक्षण खोडून त्यावर निष्कर्ष लिहिण्यासारखेच हे आहे.

म्हणून आमची शिफारस अशी: इमेजजे जरूर वापरावी, पण मूळ छायाचित्राला हात लावू नये, काम टिफ प्रतीवर करावे, खुणा ओव्हरलेमध्ये ठेवाव्यात आणि भित्तिपत्रकापुरतीच जेपीईजी प्रत काढावी. कारण पटवायला एक तास पुरेल. एकच चित्र टिफमध्ये आणि कमी दर्जाच्या जेपीईजीत साठवावे, ‘इमेज कॅल्क्युलेटर’मध्ये ‘डिफरन्स’ निवडून दोहोंतील फरक काढावा आणि त्याचा उजळपणा वाढवावा. काय हरवले, ते मुलांना पडद्यावर दिसेल.