‘केवळ खर्च’ आणि मूल्यवर्धित कर : एका विधिवाक्याची समीक्षा

‘ना नफा ना तोटा’ हा मराठीत रूढ झालेला शब्दप्रयोग आहे. गृहनिर्माण संस्था, ग्राहक भांडारे आणि वसतिगृहांच्या खानावळी यांच्या व्यवहाराचे वर्णन त्याने केले जाते आणि त्या वर्णनात एक नैतिक सूर असतो. जो नफा घेत नाही तो व्यापार करीत नाही, आणि जो व्यापार करीत नाही त्याच्याकडून व्यापारावरचा कर घेणे अनुचित होय, असे अनुमान या सुरातून सहज निघते. एकाच समूहातील दोन कंपन्यांनी एकमेकींस केवळ खर्चाइतकी रक्कम घेऊन सेवा दिल्यास तीवर मूल्यवर्धित कर लागतो की नाही, या प्रश्नाच्या चर्चेत हेच अनुमान वारंवार डोकावते. ते तर्कशुद्ध आहे काय, आणि नसल्यास त्याचा दोष कोठे आहे, हे तपासण्यास इटलीतील एक विधिवाक्य आणि त्यावरील न्यायनिर्णय विशेष उपयुक्त आहेत.

आरंभी संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून अमलात आलेला मूल्यवर्धित कर वस्तूंच्या विक्रीपुरता होता. सेवा त्याच्या कक्षेत नव्हत्या. १ जुलै २०१७ पासून त्याचे क्षेत्र पेट्रोल, डिझेल, मद्य अशा मोजक्या वस्तूंपुरते उरले आणि इतर वस्तूंवर व सेवांवर वस्तू व सेवा कर आला. युरोपात मात्र मूल्यवर्धित कर या एकाच नावाखाली वस्तू आणि सेवा दोन्ही येतात. प्रस्तुत विवेचनात ही संज्ञा त्या व्यापक अर्थाने योजिली आहे.

इटलीच्या १९८८ सालच्या ६७ क्रमांकाच्या कायद्यातील आठव्या कलमात एक छोटी तरतूद होती. कर्मचारी उसने देणे किंवा प्रतिनियुक्तीवर पाठविणे या व्यवहारांत त्यासंबंधीच्या खर्चाची केवळ प्रतिपूर्ती केली जात असेल, तर ते व्यवहार मूल्यवर्धित कराच्या दृष्टीने विचारात घ्यावयाचे नाहीत, असा तिचा आशय. या वाक्याचा सारा भार ‘केवळ’ या एका क्रियाविशेषणावर आहे. खर्चाहून थोडी जरी रक्कम अधिक घेतली तरी व्यवहार कराच्या कक्षेत येतो. बरोबर खर्चाइतकी घेतली तर तो कक्षेबाहेर राहतो. म्हणजे व्यवहाराची जात त्याच्या रकमेवरून ठरते.

या तरतुदीची परीक्षा ज्या प्रकरणात झाली त्याची हकीकत साधी आहे. २००४ साली आव्हिर या मूळ कंपनीने आपला एक संचालक सान दोमेनिको वेत्रारिआ या उपकंपनीकडे, तिच्या एका आस्थापनेचा कारभार पाहण्यासाठी, प्रतिनियुक्तीवर पाठविला. त्याच्यावर होणाऱ्या खर्चाइतक्या रकमेची बिले मूळ कंपनीने करासह दिली. उपकंपनीने ती भागविली आणि भरलेल्या कराची वजावट मागितली. कर अधिकाऱ्यांनी १९८८ च्या तरतुदीकडे बोट दाखवून वजावट नाकारली : व्यवहार कराच्या कक्षेतच नाही, मग वजावट कसली? येथे पक्षांच्या भूमिका नेहमीच्या अपेक्षेच्या उलट होत्या. कर लागू आहे असे करदाता म्हणत होता आणि नाही असे कर खाते. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न लक्झेंबुर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे धाडला.

त्या न्यायालयाने ११ मार्च २०२० रोजी दिलेला निर्णय १९७७ च्या सहाव्या निर्देशातील दुसऱ्या कलमावर आधारलेला आहे. करपात्र व्यक्तीने प्रतिफल घेऊन केलेला पुरवठा करास पात्र होतो, हे त्या कलमाचे सूत्र. न्यायालयाच्या मते प्रतिनियुक्ती आणि तिच्यापोटी दिलेली रक्कम परस्परावलंबी असतील, म्हणजे रक्कम मिळावयाची म्हणूनच माणूस पाठविला आणि माणूस मिळाला म्हणूनच रक्कम दिली असे असेल, तर प्रतिफल आहे. ते खर्चाइतके आहे, त्याहून अधिक आहे की उणे आहे, याला महत्त्व नाही. अशा परस्परावलंबी व्यवहारास कराच्या दृष्टीने नगण्य ठरविणारी राष्ट्रीय तरतूद निर्देशाशी विसंगत होय. पुढे इटलीने २०२४ मध्ये ती तरतूद रद्द केली. १ जानेवारी २०२५ पासून केलेल्या वा नूतनीकरण झालेल्या करारांना ती लागू नाही.

निर्णयाचा निष्कर्ष योग्यच आहे. १९८८ च्या वाक्यातील मूळ गोंधळ अर्थाचा आहे. ‘नफा नाही’ आणि ‘मोबदला नाही’ ही दोन विधाने त्याने एक मानली. वस्तुतः नफा हे दोन रकमांमधील अंतर आहे. मोबदला हे दोन कृतींमधील नाते आहे. अंतर शून्य झाले म्हणून नाते नाहीसे होत नाही. ‘प्रतिपूर्ती’ हा शब्दही या गोंधळास हातभार लावतो. झालेली झीज भरून काढणे असा त्याचा ध्वनी असल्यामुळे देणारा काही विकत घेत आहे हे झाकले जाते. परंतु झीज भरून देण्याचे कारण काय, असे विचारताच ‘सेवा मिळाली म्हणून’ हेच उत्तर येते.

दुसरे असे की, कराच्या नावातच असलेल्या ‘मूल्यवर्धन’ या शब्दाचा अर्थही येथे हरवतो. वर्धित मूल्य म्हणजे नफा नव्हे. विक्रीच्या रकमेतून बाहेरून विकत घेतलेल्या वस्तूंची आणि सेवांची किंमत वजा केली की जे उरते ते वर्धित मूल्य. त्यात नफा येतो तसे वेतनही येते, आणि सेवांच्या व्यवहारात वेतनाचाच वाटा बहुधा मोठा असतो. प्रतिनियुक्त संचालकाचे वेतन म्हणजे जवळजवळ निव्वळ वर्धित मूल्य. तेथे नफा नाही म्हणून मूल्यवर्धन नाही असे म्हणणे म्हणजे श्रमाला मूल्य नाही असे म्हणण्यासारखे आहे.

इतके मान्य केल्यावरही न्यायालयाच्या विवेचनात एक उणीव राहते आणि ती किरकोळ नाही. परस्परावलंबनाची कसोटी ज्या निर्णयांतून आली त्यांतील प्रसिद्ध निर्णय ३ मार्च १९९४ चा, नेदरलँड्समधील टोल्स्मा नामक वादकाविषयीचा आहे. रस्त्यावर वाद्य वाजवून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे मागत असे. ऐकणाऱ्याने काही द्यावेच असा करार नव्हता आणि दिलेल्या पैशाचा वादनाशी आवश्यक संबंध नव्हता. म्हणून ते प्रतिफल नव्हे असे न्यायालयाने ठरविले. येथे वादक आणि वाटसरू हे खरोखरच दोन इच्छा असलेले दोन पक्ष होते. वाटसरू नाणे न टाकता पुढे जाऊ शकत होता. मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्या करारात सह्या दोन असल्या तरी इच्छा पुष्कळदा एकच असते. ‘रक्कम मिळाली नसती तर माणूस पाठविला असता काय?’ हा प्रश्न परक्यांच्या बाबतीत अर्थपूर्ण आहे. एकाच हाताने दोन्ही लेखण्या धरल्या असतील तेथे त्याचे उत्तर करार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहते. मूळ कंपनीने रक्कम ही पूर्वअट म्हणून लिहिली तर कर लागेल आणि तसे न लिहिता वर्षअखेरीस सोयीने हिशेब मिटविला तर कदाचित लागणार नाही, असा पेच त्यातून संभवतो.

खरा प्रश्न काय आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या रुग्णालयास लेखापालाची गरज आहे असे समजा. त्याने स्वतःचा नोकर नेमला तर वेतन १,००,००० युरो. नोकराने मालकास दिलेल्या श्रमावर हा कर नाही. तोच माणूस बाहेरच्या संस्थेकडून वेतनाइतक्याच रकमेत मिळाला आणि कराचा दर शेकडा २० असला, तर १,२०,००० युरो द्यावे लागतील. वैद्यकीय सेवा करमुक्त असल्यामुळे हे २०,००० रुग्णालयास वजा करता येत नाहीत. ते त्याच्याच माथी बसतात. काचेच्या बाटल्या विकणाऱ्या कारखान्यास हीच रक्कम वजावटीने परत मिळते, म्हणून त्याला दोन्ही मार्ग सारखे. आता तो लेखापाल भगिनी कंपनीने केवळ खर्चात पाठविला तर? भगिनी कंपनी ही घरची मानावयाची की बाहेरची, हाच तो प्रश्न. १९८८ च्या वाक्याने त्याचे उत्तर न देता ‘नफा आहे काय?’ असा भलताच प्रश्न विचारला. न्यायालयाने तो प्रश्न योग्य रीतीने बाजूस सारला. पण दोन कायदेशीर व्यक्ती आहेत एवढ्यावरून ती बाहेरची आहे हे गृहीत धरले, त्याची मीमांसा केली नाही.

युरोपीय कायद्यास हा खरा प्रश्न अपरिचित आहे असे नाही. २००६ च्या निर्देशात तो तीन निरनिराळ्या ठिकाणी आलेला आहे. अकराव्या कलमान्वये वित्तीय, आर्थिक आणि संघटनात्मक संबंधांनी घट्ट बांधलेल्या व्यक्तींना एकच करपात्र व्यक्ती मानण्याची मुभा सदस्य राष्ट्रांना आहे. अशा गटातील आपसांतील सेवा कराच्या कक्षेत येत नाहीत, घेणाऱ्यास वजावटीचा हक्क नसला तरीही, हे ११ जुलै २०२४ च्या एका जर्मन प्रकरणातील निर्णयाने स्पष्ट झाले. ऐंशीव्या कलमान्वये संबंधितांमधील व्यवहारात, करचुकवेगिरी टाळण्यासाठी, ठराविक परिस्थितीत ठरलेल्या रकमेऐवजी बाजारमूल्यावर कर आकारता येतो. एकशे बत्तिसाव्या कलमात, सदस्यांकडून त्यांच्या वाट्याच्या खर्चाइतकीच रक्कम घेणाऱ्या स्वतंत्र गटांच्या सेवांना सूट आहे. परंतु २१ सप्टेंबर २०१७ च्या निर्णयांनी ती वैद्यकीय, शैक्षणिक इत्यादी लोकहिताच्या कार्यांपुरती मर्यादित केली, बँका आणि विमा कंपन्यांना ती नाकारली.

या तीन कलमांवरून दिसते की कक्षा, मूल्य आणि सूट या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. व्यवहार कक्षेत आहे की नाही हे पक्षांच्या संख्येवर आणि त्यांच्यातील नात्यावर ठरते. रक्कम खर्चाइतकी आहे या गोष्टीला त्या पायरीवर स्थान नाही. मूल्याच्या आणि सुटीच्या पायरीवर मात्र ती निर्णायक ठरू शकते. ‘कक्षेबाहेर’ आणि ‘करमुक्त’ हे शब्द बोलण्यात समानार्थी वापरले जातात. शास्त्रीय लेखनात त्यांचा असा वापर होता कामा नये. १९८८ च्या वाक्याचा सारा दोष या एका सरमिसळीत सापडतो.

भारतीय कायद्याशी तुलना केल्यास हे अधिक उठून दिसते. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या पहिल्या अनुसूचीने संबंधित व्यक्तींमधील, तसेच एकाच कंपनीच्या निरनिराळ्या नोंदणी असलेल्या शाखांमधील पुरवठा, तो व्यवसायाच्या ओघात झाला असेल तर प्रतिफलावाचूनही पुरवठाच मानला आहे. मुंबईचे मुख्य कार्यालय आणि पणजीची शाखा या एकाच कंपनीच्या असल्या तरी कराच्या दृष्टीने परक्या. म्हणजे इटलीत जो वाद कक्षेच्या पायरीवर झाला तो येथे मूल्याच्या पायरीवर ढकलला गेला. तेथेही अठ्ठाविसाव्या नियमाने, घेणाऱ्यास संपूर्ण वजावट मिळत असेल तर बिलात लिहिलेली रक्कमच बाजारमूल्य समजावी असे म्हटले आहे. १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकाने तर मुख्य कार्यालयाने शाखेस दिलेल्या अंतर्गत सेवांचे मूल्य काढताना कर्मचाऱ्यांचे वेतन धरणे बंधनकारक नाही असे सांगितले, संपूर्ण वजावट नसली तरीही. कायद्याने परके ठरविलेल्या शाखेला परिपत्रकाने अर्धे घरचे केले, असाच याचा अर्थ होतो. आणि ज्या वेतनातून मूल्यवर्धन होते तेच मूल्यातून वगळले गेले.

प्रतिनियुक्तीच्या बाबतीत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स प्रकरणात, तेव्हाच्या सेवाकराखाली, परदेशी समूह कंपन्यांकडून आलेले कर्मचारी ही मनुष्यबळ पुरवठ्याची सेवा ठरविली. भारतीय कंपनी केवळ वेतनाची प्रतिपूर्ती करीत होती, हे त्या निष्कर्षाच्या आड आले नाही. न्यायालयाने करारांच्या शीर्षकांपेक्षा त्यांच्या आशयाकडे पाहिले : माणूस शेवटी कोणाचा नोकर राहतो, मुदत संपल्यावर कोठे परततो? घरचा कोण आणि बाहेरचा कोण, हे या प्रश्नांनी अधिक थेट विचारले जाते. लक्झेंबुर्गच्या निर्णयात याच विचाराची उणीव भासते. तथापि प्रत्येक करार निराळा असतो आणि हा निर्णय सरसकट लावू नये, अशी सूचना १३ डिसेंबर २०२३ रोजी अधिकाऱ्यांना द्यावी लागली. यावरून ही कसोटीही यांत्रिकपणे वापरता येत नाही हे दिसते.

सारांश, संलग्न कंपन्यांमधील खर्चाइतक्या रकमेच्या सेवांना मूल्यवर्धित कर लागतो. ‘केवळ खर्च’ हे शब्द त्यांना कराच्या कक्षेबाहेर नेऊ शकत नाहीत. कक्षेबाहेर नेणारी गोष्ट एकच : दोन पक्ष वस्तुतः एकच आहेत असे कायद्याने उघडपणे मान्य करणे. ते मान्य करावयाचे की नाही हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्याचा भार काचेच्या कारखान्यावर पडत नसून रुग्णालये, शाळा, बँका अशा वजावट नसलेल्या संस्थांवर, आणि अखेरीस त्यांच्या दारी येणाऱ्या माणसांवर, पडतो. असा प्रश्न एका क्रियाविशेषणाच्या आडोशाला ठेवून छत्तीस वर्षे चालविता आला, ही गोष्ट विधिभाषेच्या अभ्यासकांनी दुर्लक्षिण्याजोगी नाही.