‘ॲव्हरेज किती?’ : एका प्रश्नाची चिकित्सा

आजचा विषय ऐकून काहींनी फोन केले. तत्त्वज्ञानाचा माणूस मोटारीवर काय बोलणार? आम्ही म्हटलं, मोटारीवर नाहीच बोलणार. मोटारीबद्दल आपण जो पहिला प्रश्न विचारतो, त्यावर बोलणार आहोत. ‘ॲव्हरेज किती?’ किंवा अधिक घरगुती भाषेत, ‘गाडी किती देते?’

सुरुवात कुरवंड्यापासूनच करू. निवृत्तीनंतर आम्ही इथे राहायला आलो. आमच्या खिडकीतून नागफणी दिसते. इथल्या माणसाला त्या सुळक्यात नागाचा फणा दिसला. इंग्रजाला त्यातच ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, म्हणून ‘ड्यूक्स नोज’. दगड एकच, पाहणं दोन. मोटारीचंही असंच होतं, हे पुढे येईल.

आमच्या शेजारचा मुलगा तळेगावच्या एका कारखान्यात कामाला आहे. पाळीची नोकरी. लोणावळ्याहून मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करत लोकल तळेगावला जाते; पण लोकलच्या वेळा आणि पाळीच्या वेळा यांचं काही जमत नाही, आणि रात्री उशिरा लोणावळ्यावरून कुरवंड्यापर्यंत यायचं कसं, हा प्रश्न उरतोच. म्हणून त्याच्याकडे एक छोटी, कमी पेट्रोल पिणारी गाडी आहे. आता त्याला ती देऊन दुसरी घ्यायची आहे. आकारानं लहानच, पण जरा जोरकस. ‘स्पोर्टी’ हा त्याचा शब्द. वडिलांचा विरोध. एका संध्याकाळी दोघंही आमच्या ओट्यावर आले. वडील म्हणाले, “सर, तुम्हीच सांगा याला. चालती गाडी आहे, वीसचं ॲव्हरेज देतीय. ती काढून चौदावाली घ्यायचीय म्हणे.”

आम्ही काय केलं? मुलाकडे वळून, अध्यापकी आवाजात, एकच प्रश्न टाकला : “गरज आहे का?” मुलगा गप्प झाला. “बरं सर,” म्हणाला आणि उठला. वडील खूश. आणि आम्हाला रात्रभर काहीतरी टोचत राहिलं. आजचं व्याख्यान त्या टोचणीतून आलेलं आहे.

आधी भाषा बघू. ‘गाडी किती देते?’ हे क्रियापद आलं कुठून? आपण हेच म्हशीबद्दल विचारतो. म्हैस किती देते? मारुतीनं काही वर्षांपूर्वी ‘कितना देती है’ हाच प्रश्न जाहिरातीत वापरला आणि सगळा देश हसला, कारण प्रत्येकाला आपला बाप किंवा काका आठवला. गंमत अशी की म्हैस खरोखर देते. गाडी काहीच देत नाही, ती घेते. कमी घेणाऱ्या गाडीला आपण ‘जास्त देणारी’ म्हणतो. खर्चाला उत्पन्नाचं रूप देणारी ही भाषा आहे आणि तिच्या पोटात आपल्या मध्यमवर्गाचं अख्खं नीतिशास्त्र बसलेलं आहे.

आता ‘ॲव्हरेज’. इंग्रजीत ज्याला मायलेज म्हणतात त्याला आपण ॲव्हरेज म्हणतो. म्हणजे सरासरी. कोणाची सरासरी? कंपनी सांगते तो आकडा आपल्या पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत प्रमाणित होतो. तिथे गाडी रोलरवर चढवतात. ठरलेल्या क्रमानं ती धावते, थांबते, पुन्हा धावते. वेग नव्वदच्या वर जात नाही. तुलनेसाठी ही चाचणी रास्तच आहे. पण त्या रोलरवर लोणावळ्याचा पाऊस पडत नाही. शनिवारी भुशी धरणाला निघालेल्या गाड्यांची रांग लागत नाही. तो आकडा खोटा नाही, फक्त तो कुणाचाच नाही.

इथे आम्हाला ॲरिस्टॉटल आठवतो. सुवर्णमध्य हा शब्द आपण दोन टोकांच्या मधोमध अशा अर्थानं वापरतो. ॲरिस्टॉटल तसं म्हणत नाही. तो मायलो नावाच्या पहिलवानाचं उदाहरण घेतो. दहा मापं अन्न जास्त आणि दोन मापं कमी, म्हणून तालमीचा वस्ताद सगळ्यांना सहा मापं वाढत नाही. सहा मापं मायलोला कमी पडतील आणि नवशिक्याला जड जातील. एक मध्य असतो गणिताचा, दुसरा असतो त्या माणसाचा. वडील पहिला मध्य विचारत होते, मुलगा दुसरा शोधत होता. आणि तत्त्वज्ञानाचा डॉक्टर असलेले आम्ही वडिलांच्या बाजूला जाऊन बसलो!

बरं, गणितच करायचं तर पुरतं करू. कुरवंडे ते तळेगाव जाऊन-येऊन साधारण सत्तर किलोमीटर. महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे १,७५० किलोमीटर. वीसच्या गाडीला साडेसत्त्याऐंशी लिटर लागतं, चौदाच्या गाडीला सव्वाशे. फरक साडेसदतीस लिटरचा. लिटरला हिशेबापुरते शंभर रुपये धरले, तर महिन्याला ३,७५० रुपये. आहेत, पैसे आहेत. आम्ही त्यांना क्षुल्लक म्हणणार नाही.

पण हा आकडा आपल्याला फसवतोही. लॅरिक आणि सोल या दोन संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की लिटरला किती किलोमीटर, या मापानं माणसांचा अंदाज चुकतो. बघा : दहाची गाडी देऊन पंधराची घेतली, तर आपल्या याच अंतरावर महिन्याला अठ्ठावन्न लिटर वाचतं. वीसची देऊन पंचवीसची घेतली, तर साडेसतरा. दोन्हीकडे फरक पाचचाच! बचत मात्र तिपटीनं वेगळी. किलोमीटरला किती पेट्रोल, असं विचारलं असतं तर हे लगेच दिसलं असतं. ‘देते’ऐवजी ‘घेते’ विचारायला हवं होतं, ते यासाठी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. वडील ३,७५० रुपयांवर भांडत होते. हप्त्याबद्दल कुणी बोललंच नाही. नव्या गाडीसाठी पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांच्या मुदतीनं, नऊ-दहा टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता दहा हजारांच्या पुढे जातो. पेट्रोलच्या फरकाच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय विमा, शिवाय रुंद टायर. पेट्रोल एखाद्या महिन्यात कमी जाळता येतं. हप्ता कमी भरता येत नाही. पाळी बंद झाली, कारखाना बंद झाला, तरी तारीख येतेच. आणि कारखाना बंद होणं तळेगावला काही परकं नाही. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ साली सुरू झाला, शेव्हरोलेची बीट तिथूनच निघायची. २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं. आता ती जागा ह्युंदाईकडे आहे, पण मधल्या काळात ज्यांचे हप्ते चालू होते त्यांनी काय केलं असेल? म्हणजे वडिलांची काळजी खरी होती. तिला शब्द मात्र चुकीचा मिळाला होता. ‘ॲव्हरेज’ या शब्दानं हप्ता झाकला.

आता मुलाच्या शब्दाकडे वळू. ‘स्पोर्टी’. इथेही तितकीच कडक तपासणी व्हायला हवी.

आधी इतिहास. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती आली. किल्ली इंदिरा गांधींनी दिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. आज आपण तिला काटकसरीची गाडी म्हणून आठवतो. त्या वेळी काय होतं? रस्त्यावर ॲम्बेसिडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. बोरघाटात बॉनेट उघडून, रेडिएटरवर फडकं टाकून उभ्या असलेल्या गाड्या आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिल्यात. त्यांच्यापुढे मारुती चपळ होती, हलकी होती, तरुण होती. म्हणजे तीच गाडी कालची ‘स्पोर्टी’ आणि आजची ‘इकॉनॉमी’. नागफणी आणि ड्यूकचं नाक! गुण गाडीत असतात, पण नाव आपण शेजारच्या गाडीकडे बघून देतो.

मग त्या शब्दात खरं काही आहे की नाही? आहे. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगनची पोलो बनू लागली, २०२२ मध्ये ती बंद झाली. २०१३ साली तिची टर्बो पेट्रोलवाली जीटी आली, एकशे पाच अश्वशक्तीची. टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ च्या जूनमध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास सुरू झाली, एकशे वीस अश्वशक्तीची. जुनी आल्टो ८०० अठ्ठेचाळीसच्या घरात. पण मुलाला हवं होतं ते या आकड्यांच्या शर्यतीत नाही. पुन्हा भेटल्यावर, आम्ही या वेळी नीट विचारल्यावर, तो म्हणाला, “सर, रात्री साडेबारा-एकला येतो. पावसात, धुक्यात. फाट्यावरून हायवेला लागताना मागून ट्रक येतो, आणि गाडी उचलतच नाही. ब्रेक मारला की डावीकडं ओढल्यासारखं होतं. घरी पोचेपर्यंत खांदे आखडलेले असतात.”

हे ऐकताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. द्रुतगती मार्ग नव्हता तेव्हाची. बोरघाटात, छोट्या गाडीत आम्ही पाच जणं, वर कॅरिअरवर सामान. पुढे रॉकेलचा टँकर. आम्ही ओव्हरटेक करायला निघालो आणि अर्ध्यात गाडीतला जीव संपला. समोरून एसटी. एसटीच्या ड्रायव्हरनं कच्च्यात चाक उतरवलं म्हणून आज आम्ही इथे बोलतोय. चूक आमची होती, गाडीची नव्हे. गाडीला जे जमत नव्हतं ते आम्ही तिच्याकडून मागितलं. पण त्या दिवशी घरी आल्यावर शेजाऱ्यांनी काय विचारलं असेल? “घाटात ॲव्हरेज किती पडलं?” आणि आम्ही आकडा सांगितला. अभिमानानं!

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, पोलोसुद्धा त्यात आली. दोन एअरबॅग घातलेल्या पोलोला चार मिळाले. म्हणजे फरक ‘स्पोर्टी’ आणि ‘साधी’ यांच्यात नव्हता, काय बसवलंय आणि काय वगळलंय यात होता. चालकाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या बऱ्याच स्वस्त गाड्यांमध्ये जे वगळलेलं होतं, ते आपल्या ‘देते’च्या हिशेबात कधी आलंच नाही.

पण थांबा, मुलाला पूर्ण विजय देऊ नका. जाहिरातीतला घाट बघा. तिथे ट्रक नाही, गाय नाही, दुधाचा टेंपो नाही. रस्ता जणू एकाच माणसासाठी बांधलेला. ‘स्पोर्ट’ या शब्दात प्रतिस्पर्धी गृहीत असतो. कामशेतच्या चौकात आपला प्रतिस्पर्धी कोण? शाळेत निघालेली पोरं? जोर हाताशी असला की तो वापरायची खुमखुमी येते, आणि मग ज्या ताकदीनं सुटका व्हायची तिनंच अडकायला होतं. आमच्या कुरवंड्याला हे शिकवायला नको. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज घेऊन याच कुरवंडे घाटानं कोकणात उतरला. खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या थोड्या माणसांनी त्याला गाठलं आणि त्याला शरण यावं लागलं. ताकद कमी पडली नव्हती. जागेला शोभेल अशी नव्हती.

तर मग आमचा निष्कर्ष काय? दोन्ही शब्द अपुरे आहेत. ‘ॲव्हरेज’ फक्त टाकीकडे बघतं आणि ‘स्पोर्टी’ फक्त आरशाकडे. रोज गाडी हाकणाऱ्याचे महिन्याला पन्नास तास त्या सीटवर जातात. वर्षाला सहाशे. त्याला विचारायचा प्रश्न असा : या सहाशे तासांत ही गाडी तुझं लक्ष रस्त्यावर ठेवते की स्वतःवर? थांबायचं तिथे थांबते का? आणि तिचा हप्ता तुला रात्री झोपू देतो का?

आणि आमच्या ‘गरज आहे का?’चं काय? आम्ही नागफणी दिसावी म्हणून कुरवंड्यात घर घेतलं. ती गरज होती का? कुणी आमचं ॲव्हरेज विचारलं नाही. पांढऱ्या केसांच्या माणसाची हौस ती अभिरुची, आणि तेवीस वर्षांच्या कामगाराची हौस ती उधळपट्टी? हा प्रश्न आम्ही त्याला विचारला तेव्हा आम्ही विचार करत नव्हतो, ज्येष्ठपणा वापरत होतो. ते आम्ही त्याच्याजवळ कबूल केलं.

आता एक-दोन प्रश्न घेऊ. मागून विचारतायत, “सर, पण त्यानं शेवटी घेतली का?”

अजून नाही. आम्ही तिघांनी ओट्यावर बसून कागदावर हिशेब मांडला. नवी नको, पाच-सहा वर्षांची जुनी बघायची, म्हणजे हप्ता निम्म्यावर येतो. आणि बाहेरच्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, एवढं ठरलं. गेल्या आठवड्यात त्यानं एक गाडी चालवून पाहिली. भर दुपारी नव्हे. त्याच्या पाळीच्या वेळी, रात्री, त्याच रस्त्यावर. वडिलांना शेजारी बसवून. वडील वाटभर बोलले नाहीत. कुरवंड्याच्या वळणाशी कुत्रं आडवं आलं, मुलानं गाडी थांबवली. तेव्हा म्हणाले, “ब्रेक चांगला लागतोय.” सकाळी आमच्याकडे आले, चहा घेतला आणि हळूच विचारलं, “सर, तेवढं ॲव्हरेज जरा वाढतं का हो, हळू चालवली तर?”

वाढतं, आम्ही सांगितलं. खरंच वाढतं. जुन्या गाडीतही वाढलं असतं, हे मात्र आम्ही मुलाला सांगायचं ठेवलंय.