थेट दृक्श्राव्य प्रक्षेपण आणि शालेय वन्यजीवशिक्षण : येलदरीच्या संदर्भात एक चिकित्सा

वन्यजीव संशोधकाने क्षेत्रावरून थेट प्रक्षेपणाद्वारे शालेय वर्गाशी संवाद साधावा, या कल्पनेचे शिक्षणक्षेत्रात बहुधा कौतुकच होते. या कौतुकाची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

१९७५-७६ मधील ‘साइट’ प्रयोगाने सहा राज्यांतील खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचविली. परंतु ते प्रसारण एकतर्फी होते. १९८९ मध्ये रॉबर्ट बॅलार्ड यांच्या ‘जेसन’ प्रकल्पाने भूमध्य समुद्रातील शोधमोहीम अमेरिकेतील विद्यार्थ्यांसमोर थेट आणली. भारताने २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला. २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळविणारे परितेवाडी (जि. सोलापूर) येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आभासी सहलींतून परदेशी वर्गांशी संवाद साधला. अंतराचा प्रश्न तंत्रज्ञानाने बहुतांशी सोडविला आहे. निरीक्षणाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

क्षेत्रीय संशोधनाचा मोठा भाग प्रतीक्षेचा असतो. प्राणी दिसत नाही, नोंद कोरी राहते. तीही नोंदच असते. रिकाम्या पडद्याच्या धास्तीने संयोजक तेथे पूर्वमुद्रित दृश्ये दाखवितात. परिणामी विद्यार्थ्याच्या पदरी संशोधनाची पद्धत न पडता केवळ त्याचे फलित पडते आणि तो निरीक्षक न होता प्रेक्षक होतो. शिवाय घरट्याचे नेमके स्थान पडद्यावर उघड झाल्यास प्राण्यांनाच उपद्रव संभवतो.

जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या संदर्भात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पूर्णा नदीवरील धरणाचा विस्तीर्ण जलाशय गावाजवळच आहे. येथील विद्यार्थ्याला दूरच्या अरण्यातील वाघ पडद्यावर दिसावा, पण जलाशयाच्या काठावरील बगळा व पाणकावळा यांतील फरक त्याने कधी वहीत नोंदवू नये, ही विसंगती आहे. प्रक्षेपणाची दिशा उलटी करणेही शक्य आहे. विद्यार्थ्यांनी काठावरून महिनाभर पक्ष्यांची गणना करावी आणि नंतर पडद्यावरील संशोधकापुढे आपल्या नोंदी व शंका मांडाव्यात. त्यासाठी महागड्या साधनांपेक्षा वही, एखादी दुर्बीण, वेळापत्रकातील मोकळा तास आणि सोबत येणारा शिक्षक यांची गरज अधिक आहे. पाण्याच्या काठी सुरक्षिततेची जबाबदारीही शिक्षकानेच घ्यावयाची असते.

सारांश, थेटपणा म्हणजे सहभाग नव्हे. ज्या प्रश्नाचे उत्तर संशोधकालाही अद्याप ठाऊक नाही, तो प्रश्न विद्यार्थ्याला विचारता आला, तरच या माध्यमाचे शैक्षणिक मूल्य सिद्ध होते.