सांभाळणाऱ्यांचे वाङ्मय

मराठीत सेवेची चरित्रे पुष्कळ आहेत. सेवा करता करता थकलेल्या माणसाचे चित्र मात्र विरळा. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींविषयी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांविषयी जे लिहिले जाते, त्यात ही उणीव विशेष जाणवते. सांभाळणाऱ्याला संत ठरवावे, ज्याला सांभाळायचे त्याला देवाचे लेकरू म्हणावे, म्हणजे दोघांनाही काही विचारण्याची गरज उरत नाही. ही रीत आपल्या ख्रिस्ती लेखनातही मुरलेली आहे आणि ती तपासून पाहिली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात सेवा म्हटली की प्रथम वरोऱ्याचे आनंदवन आठवते. १९५१ साली सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आमटे दांपत्य दोन तान्ह्या मुलांसह तेथे राहावयास गेले. त्या संसाराची कहाणी साधनाताई आमटे यांनी 'समिधा' या आत्मकथनात सांगितली. समिधा म्हणजे यज्ञात जळणारे लाकूड. वाचक बहुधा हे शीर्षकच लक्षात ठेवतो आणि त्यागापुढे हात जोडून पुस्तक मिटतो. वास्तविक या पुस्तकाचे बळ जळण्यात नाही; चूल, मुले, आजार आणि पतीचे धाडसी निर्णय यांचा भार वाहणाऱ्या गृहिणीने तो सारा भार स्वतःच्या शब्दांत सांगितला, यात आहे. समिधा बोलत नाही, साधनाताई बोलल्या.

आनंदवनातील कुष्ठरोगीही बोलू शकत होते. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली, आपला स्वाभिमान परत मिळवला. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत हा मार्ग इतका सरळ नसतो. तेथे औषधाने बरे होणे नाही, आणि कित्येकदा मुलगा चाळिशीचा झाला तरी त्याला भरवणारा हात आईचाच असतो. सेवेच्या चरित्राला शेवट असतो. या सांभाळण्याला नसतो.

हे कटू सत्य जयवंत दळवी यांनी 'नातीगोती' या नाटकात रंगभूमीवर आणले. नोकरी करणारे आईवडील आणि वयात आलेला मतिमंद मुलगा, एवढाच हा संसार. दळवींनी आईबापांना संत केले नाही. त्यांची चिडचिड, त्यांची शरम, मुलावरची माया आणि सुटकेची इच्छा हे सारे एकाच घरात नांदू दिले. बापाची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. पुढे १९९१ च्या 'चौकट राजा' या चित्रपटात त्याच नटाने बौद्धिक अक्षमता असलेला नंदू उभा केला. सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा, दोघेही एकाच माणसाच्या अंगात मावतात, हे त्या योगायोगाने आम्हांस शिकवले. तरीही उणीव राहतेच. नाटकात प्रश्न आईबापांचा आहे. मुलाला काय हवे, हे फारसे कोणी विचारत नाही.

कॅथलिक वाचकांपुढे आणखी एक उदाहरण आहे. ज्याँ वानिये यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये 'लार्श' हा बौद्धिक अक्षमता असलेल्यांबरोबर राहण्याचा समुदाय सुरू केला. जिवंतपणीच त्यांना संतपद बहाल करणारे कितीतरी लिहिले गेले. त्यांच्या निधनानंतर, २०२० साली, त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे लार्शनेच चौकशी करून जाहीर केले. समुदायांचे काम खोटे ठरले नाही. खोटी ठरली ती माणसाला प्रश्न न विचारणारी आमची भक्ती.

मग आमच्या लेखनाने करावे काय? प्रथम, परिस्थिती नेमकी पाहावी. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली; बालमृत्यू कमी झाल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतः गुदमरणे किंवा मेंदूचा हिवताप यांतून वाचलेल्या काही मुलांची बुद्धी कायमची अधू राहते. त्यांच्या आयांना क्रूस वाहण्याचा उपदेश पुरत नाही. 'आमच्यामागे याचे कोण?' या प्रश्नाला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने एक उत्तर दिले आहे: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. जंगलातल्या पाड्यावरच्या बाईला हे सांगणार कोण, तिचे कागद भरणार कोण? बल्लारपूरला पीठ असलेल्या चांदा धर्मप्रांतातील धर्मग्रामांना आणि धर्मभगिनींना हे काम परके नसावे.

शुभवर्तमानात प्रभूचा क्रूस वाहण्यासाठी कुरेनेकर शिमोनाला वेठीस धरले. तो शेतावरून येत होता. त्याने हौसेने खांदा दिला नाही. तरी वाट थोडी हलकी झाली. आठवड्यातून एक दुपार शेजारच्या मुलाजवळ बसावे, त्याला काय आवडते ते त्यालाच विचारावे, आणि त्याच्या आईला झोपू द्यावे. अशा दुपारीविषयी ज्या दिवशी आमचे लेखक लिहू लागतील, त्या दिवशी आमचे सेवेचे वाङ्मय प्रौढ झाले असे आम्ही म्हणू.