कल्पित भाषांची व्याकरणे

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या अद्भुतकथांतील क्वेन्या व सिंदारिन या भाषांचा नाद लागलेला एखादा विद्यार्थी धारवाडात आपल्यापुढे उभा राहिला व 'कोणते पुस्तक वाचू?' असे विचारू लागला, तर शिक्षकाने काय सांगावे? प्रश्न पोरकट वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. याच गावी राहून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांना 'इस्किलार'मध्ये अपरिचित देशाचा भास उभा करण्यास नावांचा नाद पुरला. टॉल्किन यांना त्या नादामागे व्याकरणही हवे होते. ते ऑक्सफर्डचे भाषापंडित होते, हे येथे विसरून चालणार नाही.

मूळ साधने थोडी आहेत. १९५५ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा खंड निघाला. त्याच्या परिशिष्टांत उच्चार व लिपी यांचे विवेचन आहे, व्याकरण मात्र नाही. १९८७ साली त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी 'द लॉस्ट रोड' या खंडात वडिलांचा धातुकोश छापला. पण तो १९३०नंतरच्या दशकातला, आणि ग्रंथकार तर अखेरपर्यंत आपली भाषा बदलीत राहिले. म्हणजे या भाषांत थर आहेत. डेव्हिड सालो यांचा 'अ गेटवे टू सिंदारिन' (२००४) हा ग्रंथ ते थर एकजीव करून सलग व्याकरण उभे करतो. परिश्रम मोठे, मांडणी सुबोध. परंतु कोणते रूप कोणत्या काळाचे, हे नवशिक्यास उमगणे कठीण. मोल्सवर्थ आपल्या कोशात शब्द संस्कृत, फारसी की हिंदुस्थानी हे खुणेने दाखवितो. तेवढी शिस्त कल्पित भाषेलाही हवी. किंबहुना तेथे ती अधिकच हवी, कारण चूक दाखविणारा भाषिक समाजच नाही.

दुसरी उणीव आमच्या बाजूची आहे. ही सारी पुस्तके इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली. क्वेन्यातील 'एआरेल्लो' म्हणजे 'समुद्रातून'. इंग्रजी वाचकास हा प्रत्यय सविस्तर समजावावा लागतो. धारवाडच्या मुलास कन्नडातील 'समुद्रदिंद' हे रूप दाखविले की काम झाले. सिंदारिनमध्ये क, त, प यांचे शब्दारंभी ग, द, ब होतात, याचा विद्यार्थी धसका घेतात. कन्नडातील आदेशसंधी तरी दुसरे काय करतो? 'मळे' आणि 'काल' मिळून 'मळेगाल' होते. कन्नडात हा बदल समासात दिसतो, तर सिंदारिनमध्ये उपपदानंतरही. एवढा भेद सांगितला म्हणजे पुरे. मराठी व कन्नड दोन्ही जाणणाऱ्या शिक्षकाने चाळीस पानांची प्रवेशिका लिहिली, तर ती इंग्रजी पुस्तकांहून सोपी होईल, असे आमचे मत आहे.

तूर्त आम्ही त्या विद्यार्थ्यास आधी परिशिष्टे, मग धातुकोश व शेवटी सालो वाचावयास सांगू. आणि वहीत प्रत्येक रूपापुढे ग्रंथ व साल लिहावयास लावू.